‘पिक्चर बघून केलं’ हे वाक्य मुलाच्या तोंडी येतं कुठून?

प्रश्न एका शिक्षिकेने विचारला आहे. त्यांच्या शाळेजवळ सोळा-सतरा वर्षांच्या तीन मुलांनी दुसऱ्या एका मुलावर कोयत्याने वार केले. दुसऱ्या दिवशी पेपरात ‘चित्रपट पाहून सुचली कल्पना’ असा मथळा आला आणि त्या आठवड्याच्या पालकसभेत गुन्हेगारीवरचे सिनेमे, ‘भाई’ची गाणी, रील या सगळ्यांवर बंदी घाला अशी मागणी झाली. बाई विचारतात, सिनेमा-गाण्यांना खरोखर जबाबदार धरता येतं का? शिवाय त्यांच्या वर्गातला नववीचा एक मुलगा हल्ली स्टेटसला तशीच गाणी आणि कोयत्याचे फोटो ठेवतो. त्याचं काय करायचं?

मी २३ वर्षं परिवीक्षा अधिकारी म्हणून काम केलं. हे पद बऱ्याच जणांना ठाऊक नसतं म्हणून सांगते. अठरा वर्षांखालच्या मुलाकडून गुन्हा घडला की त्याला नेहमीच्या कोर्टात न नेता बाल न्याय मंडळापुढे नेतात. मंडळात एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात. मुलगा पहिल्यांदा हजर झाला त्या दिवसापासून १५ दिवसांत मंडळाला सामाजिक तपासणी अहवाल हवा असतो. तो लिहिणं माझं काम. त्यासाठी मुलाच्या घरी जायचं, शाळेत जायचं, शेजारपाजाऱ्यांशी, किराणा दुकानदाराशी, टपरीवाल्याशी बोलायचं आणि हा मुलगा इथवर कसा आला ते कागदावर मांडायचं. अशा मुलांची ओळख उघड करायला कायद्याने मनाई आहे, आणि ती असलीच पाहिजे. म्हणून पुढे ज्या मुलांबद्दल लिहिते आहे त्यांचे ओळखू येतील असे तपशील बदलले आहेत.

आधी उत्तर देते. सिनेमामुळे किंवा गाण्यामुळे खून झाला असं म्हणावं अशी एकही केस माझ्या हातून गेलेली नाही. पण सिनेमा-गाण्याचा त्यात काडीचाही संबंध नव्हता असं म्हणता येईल अशा केसेसही, विशेषतः गेल्या दहा वर्षांत, फार थोड्या. हे दोन्ही एकाच वेळी खरं कसं, ते समजावून सांगायला थोडी जागा लागेल.

एक मुलगा आठवतो. सोळा वर्षं आणि काही महिने. चौकशी चालू असताना अशा मुलांना ठेवतात त्या निरीक्षणगृहात येऊन तिसरा दिवस होता. समोरच्या बाकावर बसला होता, पायात कुणाच्या तरी मोठ्या मापाच्या चपला. मी काही विचारायच्या आधीच म्हणाला, “मॅडम, पिक्चर बघून केलं.” कुठला, विचारलं. त्याने नाव सांगितलं. शेवटी काय होतं रे त्यात? त्याला सांगता येईना. पूर्ण बघितलेलाच नव्हता, मोबाइलवर तुकडे बघितले होते. मग मी विचारलं, “हे तुला सुचलं की कुणी विचारलं?” तर म्हणाला, “चौकीत साहेब म्हणाले ना, पिक्चर बघून केलं का रे? मी हो म्हटलं. मग त्यांनी दुसरं काही विचारलं नाही.”

शेवटचं वाक्य ऐकून मी त्याला पाणी दिलं आणि म्हटलं, आता मागच्या सोमवारपासून एकेक दिवस सांग. काय खाल्लं, कुठे झोपलास, कोण भेटलं. अशी दिवसवार उजळणी करायला दोन तास लागले.

सोमवारी काही नाही. मंगळवारी संध्याकाळी पलीकडच्या वस्तीतल्या पोरांनी त्याला चौकात अडवून उठाबशा काढायला लावल्या. एकाने शूटिंग केलं. रात्री दहापर्यंत तो व्हिडिओ त्याच्या धाकट्या बहिणीच्या मोबाइलवर येऊन पोचला होता. बुधवार-गुरुवार हा घराबाहेर पडला नाही, जेवला नाही, आईने विचारलं तर तिच्यावर ओरडला. शुक्रवारी सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा एक ‘भाई’ दारात आला, त्याला गाडीवर बसवून घेऊन गेला, पोटभर खायला घातलं आणि म्हणाला, “तुझं मॅटर ते आपलं मॅटर.” शनिवारी हातात कोयता आला.

यात सिनेमा कुठे आला? शनिवारी. कोयता पाठीमागे शर्टाखाली कसा खोचायचा, कॉलर कशी ठेवायची, समोर गेल्यावर काय म्हणायचं, हे सगळं त्याने सिनेमातून घेतलं होतं. “डायलॉगपण पाठ केला होता,” तो म्हणाला. “मग म्हणालास का?” “नाही. सुचलाच नाही.” मग बराच वेळ चपलेचा अंगठा जमिनीवर घासत बसला आणि हळू आवाजात म्हणाला, “मॅडम, माणूस लगेच पडत नाही.”

पडद्यावर एका वारात माणूस पडतो, संगीत वाढतं, दृश्य बदलतं. त्याच्या समोरचा मुलगा पळत होता, धडपडत होता, आईला हाक मारत होता. हे त्या मुलाला कुणी दाखवलेलं नव्हतं. हिंसक सिनेमाबद्दल माझी खरी तक्रार ही आहे. तो हिंसा दाखवतो याबद्दल मी तक्रार करणार नाही, पण तो ती अर्धवट दाखवतो. वेदना किती वेळ चालते, ससूनच्या वॉर्डात वाचलेल्या माणसाचा हात पुढे कसा आखडतो, मारणाऱ्याची आई तारखेला येण्यासाठी किती खाडे करते, हे गाळून उरलेलं तो दाखवतो. तो मुलगा जे शिकला ते खोटं शिकला, आणि ते खोटं असल्याचं त्याला वार केल्यावर कळलं.

पण त्याच्या हातात कोयता यायला मंगळवारचा व्हिडिओ लागला आणि शुक्रवारचा भाई लागला. त्याच्याही मागे आणखी बरंच होतं. शाळा आठवीत सुटली होती, आणि ती सुटल्याचं शाळेनेही कुणाला कळवलं नव्हतं. आजोबांची जमीन रस्त्याकाठची. ती विकून आलेले पैसे गाडी, दोन लग्नं आणि वडिलांची दारू यांत तीन-चार वर्षांत संपले. ज्या जमिनीवर घराण्याचं नाव होतं तिथे आता सोसायटी उभी, आणि आई त्याच सोसायटीत तीन घरी धुणी-भांडी करते. हा मुलगा तिला सोडायला जायचा तेव्हा गेटवरचा वॉचमन त्याला आत सोडत नसे. अपमानाचं खातं मंगळवारच्या कितीतरी आधी उघडलेलं होतं.

पेपरातला मथळा मात्र सिनेमाचा. मला मथळ्याचा राग येतो तो याचसाठी. ‘चित्रपट पाहून केलं’ असं एकदा लिहिलं की पुढचे प्रश्न बंद होतात. भाई कोण, कोयता कुणी दिला, व्हिडिओ कुणी पसरवला, शाळा सुटली तेव्हा कोण काय करत होतं, सगळं बाजूला पडतं. मुलालाही ते सोयीचं असतं, पालकांना, शाळेला, पोलिसांना आणि भाईला तर फारच. सिनेमा काही मंडळासमोर येऊन आपली बाजू मांडत नाही.

याच मुलाबरोबर शनिवारी आणखी एक जण असणार होता. त्याच गल्लीतला, त्याच वयाचा, ढोलपथकात ताशा वाजवणारा. त्याच्या मोबाइलवर तेच सिनेमे, तीच गाणी, बहुधा त्याच फोनवरून घेतलेली. त्यालाही भाईने बोलावलं होतं. तो गेला नाही. मी त्याला भेटले तेव्हा कारण विचारलं. काही मोठं कारण नव्हतं. पथकाचा सराव होता, पथकाचा दादा ओरडला असता, आणि मावशी नाशिकहून येणार होती. दोघांनी बघितलेलं सारखं होतं. एकाला त्या संध्याकाळी कुणीतरी कुठेतरी हजर राहायला सांगितलेलं होतं, दुसऱ्याला भाई सोडून कुणीही नाही. दोन मुलांवरून सिद्धांत मांडता येत नाही हे मान्य, पण असे जोड मी इतक्यांदा पाहिले आहेत की आता नवीन मुलगा आला की मी पहिला प्रश्न तोच विचारते: संध्याकाळी पाच ते नऊ तू कुठे असतोस?

आता संशोधनाकडे येते, कारण दोन्ही बाजूंचे लोक ‘संशोधनाने सिद्ध झालंय’ म्हणत असतात.

सगळ्यात जास्त दाखला दिला जातो तो मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांच्या १९६१ सालच्या प्रयोगाचा. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीतल्या ७२ मुलांवर तो झाला. हवेने फुगवलेल्या, ढकलली तरी पुन्हा उभी राहणाऱ्या बाहुलीला एक मोठी व्यक्ती मारते आहे, हातोडीने ठोकते आहे, असं काही मुलांनी पाहिलं. नंतर त्यांना त्याच बाहुलीशी खेळायला सोडलं तर त्यांनी हुबेहूब तसंच केलं. दोन वर्षांनी हेच चित्रफीत दाखवून केलं तेव्हाही तसंच आढळलं. इथवरचं सगळे सांगतात. बांडुरांनी १९६५ मध्ये जे केलं ते मात्र फारसं कुणी सांगत नाही. त्यांनी काही मुलांना असं दाखवलं की मारणाऱ्याला शेवटी शिक्षा झाली. ती मुलं बाहुलीला कमी मारू लागली. पण नंतर ‘जे पाहिलं ते करून दाखवशील तर बक्षीस’ म्हटल्यावर त्यांनीही बाकीच्यांइतकंच सगळं करून दाखवलं. म्हणजे शिकली सगळीच होती. करायचं की नाही हे मात्र आजूबाजूला काय मान्य होतं, कशाला शिक्षा आहे आणि कशाला बक्षीस, यावर ठरत होतं. माझ्या २३ वर्षांचं सार मला या एका प्रयोगात दिसतं. कोयता कसा खोचायचा हे गल्लीतल्या सगळ्या पोरांना ठाऊक असतं. बक्षीस देणारा भाई ज्याच्या दारात येतो, तोच कोयता खोचतो.

दुसरा अभ्यास बाहुलीचा नाही, खऱ्या गुन्ह्यांचा आहे. गॉर्डन डाल आणि स्टेफानो डेलाविन्या या दोन अर्थशास्त्रज्ञांनी तो २००९ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांनी अमेरिकेतल्या १९९५ ते २००४ या दहा वर्षांतल्या सिनेमांचा रोजचा गल्ला आणि त्या-त्या दिवशी नोंदलेले मारहाणीचे गुन्हे शेजारी मांडले. हिंसक सिनेमाला गर्दी जास्त त्या दिवशी गुन्हे वाढायला हवेत. पण ते कमी झालेले दिसले, दर दहा लाख प्रेक्षकांमागे साधारण एक टक्क्याने. कारण साधं आहे. मारामाऱ्या करणाऱ्या वयाचे तरुण तेवढा वेळ थिएटरात बसलेले असतात, आणि त्या रात्री दारूच्या अड्ड्यावर जात नाहीत. पुढच्या दिवसांत-आठवड्यांत ती कसर भरून निघाली असंही आढळलं नाही. हा अभ्यास लहानपणापासून वर्षानुवर्षं हिंसा पाहत राहण्याबद्दल काही सांगत नाही, हेही लक्षात ठेवायला हवं. पण ‘सिनेमा सुटला आणि पोरं सुरे घेऊन निघाली’ हे चित्र आकड्यांत टिकत नाही.

परदेशातली एक केस मी प्रशिक्षणात नेहमी सांगत आले. फेब्रुवारी १९९३ मध्ये इंग्लंडात लिव्हरपूलजवळ बूटल इथल्या शॉपिंग सेंटरमधून दहा-दहा वर्षांच्या दोन मुलांनी एका दोन वर्षांच्या बाळाला हात धरून बाहेर नेलं आणि ठार मारलं. सगळा देश हादरला. निकालानंतर न्यायाधीशांनी, हिंसक व्हिडिओ पाहणं हे अंशतः कारण असू शकतं असं बोलून दाखवलं. वर्तमानपत्रांनी एका भयपटाचं नाव धरून मोहीम उघडली, व्हिडिओंबद्दलचा कायदा १९९४ मध्ये कडक झाला. तपास करणाऱ्या पोलिसांना मात्र त्या मुलांनी तो सिनेमा पाहिल्याचा पुरावा सापडला नव्हता. सापडलं होतं ते वेगळंच. एकाचे वडील घर सोडून गेलेले, दुसऱ्याचे आईवडील विभक्त, दोघांनाही शाळा बुडवून रस्त्यांवर भटकायची सवय. त्या दिवशीही ती शाळा बुडवूनच निघाली होती. यातल्या कशावरही तितका आवाज झाला नाही.

आपल्या पुण्यातलंच बघा. जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ या काळात इथे दहा खून झाले. जोशी-अभ्यंकर खून खटला म्हणून जुन्या पिढीला तो विसरता येत नाही. करणारे चित्रकलेचे विद्यार्थी होते. त्यातल्या चौघांना नोव्हेंबर १९८३ मध्ये येरवड्यात फाशी झाली. मुंबई दूरदर्शन १९७२ चं, तेव्हा पुण्यात टीव्ही असून किती असणार, आणि त्यावर दाखवत काय असणार? रील नव्हते, मोबाइल नव्हता. नायलॉनच्या दोरीने गळे आवळले गेले. त्या खटल्यावर सिनेमा आला तो नंतर. मी तेव्हा शाळेत होते. अंधार पडला की लोक दारं लावून घेत हे मला आठवतं. हिंसा करायला माणसाला पडद्याची गरज कधीच नव्हती.

एवढं सगळं सांगून मी सिनेमा-गाण्यांना क्लीन चिट देते आहे असं कृपया समजू नका. काही ठिकाणी दोष आहे आणि तो मी नाव घेऊन देते.

पहिलं, पद्धत. गुन्हा लपवायचा कसा, प्रेताची विल्हेवाट कशी लावायची, मोबाइल लांबच्या ट्रकमध्ये टाकून पोलिसांना कसं चकवायचं, हे लोक पडद्यावरून उचलतात. ‘दृश्यम स्टाइल’ हा शब्द आता गुन्हेवार्तांत रुळलाच आहे. खुनाचं कारण मात्र घरातलं असतं, पैशाचं, संशयाचं, जमिनीचं. पद्धत तेवढी उसनी. आणि पद्धत शिकवण्यात सिनेमापेक्षा बातम्या पुढे असतात, हे बातमीदार मित्रांना सांगायला हवं. व्हिएन्नामध्ये भुयारी रेल्वेखाली होणाऱ्या आत्महत्यांच्या रसभरीत बातम्या येत. १९८७ मध्ये तिथल्या पत्रकारांनी मार्गदर्शक सूचना मानून पद्धतीची वर्णनं थांबवली आणि अशा आत्महत्या निम्म्याहूनही खाली आल्या. माध्यमांचा परिणाम होतो, आणि सावरलं तर तो सावरतोही. खुनाच्या बातमीत ‘असा केला खून, पाहा ग्राफिक्ससह’ दाखवणाऱ्यांनी सिनेमाकडे बोट दाखवू नये.

दुसरं, गाणं जेव्हा कुणाचं तरी नाव घेऊन मारायला सांगतं तेव्हा. इथे आफ्रिकेतल्या रवांडा देशाची आठवण करावी लागते. १९९४ मध्ये एप्रिल ते जुलै या शंभर दिवसांत तिथे तुत्सी या अल्पसंख्य समाजाच्या लोकांची कत्तल झाली. आरटीएलएम नावाचं रेडिओ स्टेशन गाणी वाजवायचं आणि मधूनमधून कुणाला शोधून मारायचं ती नावं सांगायचं. सिमोन बिकिंदी या तिथल्या लोकप्रिय गायकावर आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणात खटला चालला. डिसेंबर २००८ मध्ये त्याला १५ वर्षांची शिक्षा झाली. न्यायाधिकरणाने त्याच्या गाण्यांचा अर्थ लावण्यात बराच वेळ घालवला, ती द्वेषाच्या प्रचारासाठी वापरली गेली हेही मान्य केलं. पण शिक्षा झाली ती गाण्यांसाठी नाही. जून १९९४ च्या अखेरीस रस्त्याने लाउडस्पीकर लावलेल्या गाडीतून जाताना त्याने तुत्सींना मारायचं जे आवाहन केलं त्यासाठी झाली. एवढ्या भीषण कत्तलीनंतरही न्यायाधीशांनी गाणं आणि चिथावणी यांतली रेघ पुसली नाही. आपल्याकडेही वस्तीतून मिरवणूक जाताना समोरच्या समाजाच्या दारात उभं राहून, ठरवून विशिष्ट गाणं वाजवलं जातं, तेव्हा मी त्याला कला म्हणायला तयार नाही. ती चिथावणी आहे आणि तिच्यासाठी कायदा आहे.

हीच रेघ आपल्या न्यायालयांनीही आखली आहे, आणि तिची सुरुवात नागपुरात झाली याचा मला अभिमान वाटतो. १९४० च्या दशकात नागपूर उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी म्हटलं की शब्दांचा परिणाम मोजायचा तो सुजाण, खंबीर, धीट माणसाच्या मापाने. डळमळीत मनाच्या आणि जिथे-तिथे धोका हुंगणाऱ्या माणसाच्या मापाने नाही. चाळीस वर्षांनी फाळणीवरच्या ‘तमस’ मालिकेविरुद्ध याचिका झाली तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी मालिका स्वतः पाहिली आणि याचिका फेटाळली. १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बोस यांचंच माप उचलून धरलं. पुढच्याच वर्षी दुसऱ्या एका खटल्यात न्यायालय म्हणालं की बंदी घालायची तर शब्द आणि दंगा यांचं नातं दारूगोळ्याच्या कोठारात पडलेल्या ठिणगीइतकं थेट हवं. मोठ्यांसाठी हे माप मला शंभर टक्के मान्य आहे.

पण माझी मुलं मोठी नाहीत. तेरा वर्षांच्या मुलाला न्यायमूर्ती बोस यांचा खंबीर माणूस समजणं चुकीचं होईल. म्हणून वयाची वर्गवारी मला महत्त्वाची वाटते. २०२४ पासून सेन्सॉर बोर्डाच्या यूए प्रमाणपत्रात सात, तेरा आणि सोळा वर्षं असे टप्पे आले, हे चांगलंच झालं. अडचण एवढीच की माझ्याकडे येणारी मुलं थिएटरात जात नाहीत. सिनेमाचा तीस सेकंदांचा तुकडा फोनवर येतो, तोही शेवट कापून. मूळ सिनेमात तो गुंड शेवटी रस्त्यावर कुत्र्यासारखा मरत असेल, तर ते तुकड्यात नसतं. एका दिग्दर्शकाने विचारपूर्वक केलेल्या कामाची अशी खांडोळी होऊन ती पोरांपर्यंत पोचते, याबद्दल दिग्दर्शकाला धरावं की तुकडे पसरवणाऱ्या कंपन्यांना? माझं बोट कंपन्यांकडे आहे.

आता रील आणि ‘भाई’ची गाणी. पुण्यात २०२२ च्या अखेरीपासून ‘कोयता गँग’ हा शब्द रोज पेपरात दिसू लागला. ती रील मी शेकड्यांनी पाहिली आहेत, मुलांच्याच फोनवर, त्यांच्या शेजारी बसून. ती गंमत म्हणून केलेली नसतात, निरोप असतात. गाण्याची कुठली ओळ लावली, मागे कुठला चौक दिसतो, कुणाचा फोटो कापला, यावरून ज्याला कळायचं त्याला बरोबर कळतं की आज खुन्नस कुणाला आहे. उत्तराचं रील रात्रीपर्यंत येतं. गाणं इथे कारण नसतं. ते पत्राच्या पाकिटासारखं असतं. गाण्यावर बंदी घातली तर पाकीट बदलेल. पण पत्र वाचायला शिकलो तर मंगळवार ते शनिवार हे चार दिवस आपल्या हातात असतात.

आणि मुलं ‘भाई’ होणं शिकतात ते फक्त पडद्यावरून? फेब्रुवारी २०२१ मध्ये खुनाच्या खटल्यातून सुटलेल्या एका टोळीप्रमुखाची तळोजा कारागृहापासून द्रुतगती मार्गाने पुण्यापर्यंत शेकडो गाड्यांची मिरवणूक निघाली. फटाके, ड्रोनने शूटिंग, सगळं होतं. ते कुठल्या सिनेमाचं दृश्य नव्हतं. तलवारीने कापलेले वाढदिवसाचे केक, चौकाचौकांतले फ्लेक्स आणि त्यावर ‘भाई’च्या शेजारी नेत्यांचे हसरे चेहरे, हेही सिनेमात नाही, आपल्या रस्त्यावर आहे. बांडुरांच्या भाषेत सांगायचं तर मारणाऱ्याला बक्षीस मिळताना ही मुलं रोज बघतात. पालकसभेत सिनेमाबंदीची मागणी करणाऱ्यांपैकी कितीजण आपल्या गल्लीतला असा फ्लेक्स उतरवायला जातील? मला खरंच ते गेलेले बघायचे आहेत.

बाई, आता तुमच्या नववीतल्या मुलाकडे येते, कारण मला सगळ्यात काळजी त्याची आहे.

त्याला वर्गात सगळ्यांसमोर स्टेटसबद्दल बोलू नका. फोन जप्त करू नका, घरी तक्रारीची चिठ्ठी पाठवू नका, निदान लगेच नाही. चिठ्ठी गेली आणि घरी पट्टा निघाला, तर तो तुमच्यापासूनही तुटेल. त्याला एकटं बोलावा. शक्यतो काहीतरी काम देऊन, म्हणजे नकाशे गुंडाळायला, प्रयोगशाळेतल्या बरण्या पुसायला. हात कामात असले की मुलं बोलतात. ‘हे गाणं का लावलंस’ असं विचारू नका. विचारा, ‘मला ऐकव, यात काय आवडतं तुला?’ आणि मग खरंच ऐका. नव्वद टक्के वेळा चाल आवडलेली असते, बाकी काही नसतं. तसं असेल तर सोडून द्या.

पण तीन गोष्टींकडे लक्ष ठेवा. फोटोतला कोयता त्याचा आहे की नेटवरचा? गाण्याबरोबर कुणाचं नाव, कुठला चौक, कुठली तारीख येते का? आणि गेल्या महिन्याभरात त्याचा कुठे जाहीर अपमान झाला का, कुणी मोठा मुलगा त्याला अचानक खाऊपिऊ घालू लागला का? तिसऱ्याचं उत्तर ‘हो’ असेल तर दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका. १०९८ हा मुलांच्या मदतीचा नंबर आहे, तो दिवसरात्र चालतो आणि शिक्षकही त्यावर बोलू शकतात. प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा बाल संरक्षण कक्ष असतो, तिथे समुपदेशक असतो. पोलीस स्टेशनात बाल कल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असतो. त्याला साध्या कपड्यांत भेटायला सांगा, शाळेच्या फाटकात गणवेशात नको. शस्त्र खरं असेल तर मात्र पोलिसांना कळवण्यात एक तासही घालवू नका. मुलावर डाग लागेल म्हणून थांबलेली शाळा मी पाहिली आहे, आणि त्या थांबण्याचा अहवालही मीच लिहिला आहे.

सगळ्यात आधी मात्र एवढं शोधून काढा, की संध्याकाळी पाच ते नऊ तो कुठे असतो. कुठेच नसेल, तर त्याला कुणीतरी वाट बघेल अशी एक जागा हवी. कबड्डीचं मैदान, पथक, अभ्यासिका, मामाचं गॅरेज, काहीही चालेल. ताशा वाजवणारा तो मुलगा आता एकवीस-बावीसचा आहे, गणपतीत अजून वाजवतो. दुसरा सुटून आला तेव्हा त्याला पथकात घ्यायला दादा तयार नव्हता. मी दोनदा गेले, तिसऱ्यांदा त्याची आई गेली. आता तो ढोलाच्या शेवटच्या रांगेत उभा असतो.